मनगटावरचं ‘जेवून घे’

‘मॅडम, म्हातारपणी हे कसं दिसेल हो?’

नाशिकला समुपदेशनाचं काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. पहिली पंधरा वर्षं हा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. आता महिन्यातून एकदा तरी समोरचं माणूस बाही सरकवतं, हात टेबलावर ठेवतं आणि हेच विचारतं. टॅटू काढायचाय पण धीर होत नाही, अशी विशीतली मुलं विचारतात. मुलं तो काढून मोकळी झालेली बघून हादरलेले आईबाप विचारतात, आणि त्यांच्या बोलण्यात प्रश्न कमी, संताप जास्त असतो: ‘या पोरांना पुढचा काही विचार असतो का?’ हल्ली एक नवी मंडळीही यायला लागली आहेत. पंचविशीत हौसेनं टॅटू काढलेले हे लोक आता चाळिशीला टेकलेत. त्यांच्या हातावर उत्तर आलेलं असतं आणि ते त्यांना आवडलेलं नसतं.

मानसी यातलीच. (नाव अर्थातच बदललंय, आणि तिच्या गोष्टीत आणखी दोघींचे धागे मिसळलेत.) वय छत्तीस, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम, दुसरीतला एक मुलगा. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोनच शब्द: ‘जेवून घे’. वडिलांच्या अक्षरात.

वडील सिन्नरकडे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अक्षर असं, की फळ्यावरचा सुविचार पुसायला पोरं धजायची नाहीत. २००९ साली मानसी पहिल्या नोकरीला लागली. घरी यायला रात्र व्हायची, तोवर ते झोपलेले असायचे. झाकून ठेवलेल्या ताटाशेजारी एक चिठ्ठी मात्र असायची. त्यातली एक तिच्याकडे राहिली. २०१६ मध्ये वडील गेले. वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात ती चिठ्ठी घेऊन मानसी टॅटूवाल्याकडे गेली. तो म्हणाला होता, ‘ताई, एवढं बारीक नको. थोडं मोठं करू.’ तिनं ऐकलं नाही. चिठ्ठीवर जेवढं होतं तेवढंच तिला हवं होतं.

सात वर्षांत ‘व’चं पोट भरत आलं. ऊकार पसरला. ‘घ’ची वळणं एकमेकांना चिकटली. आणि एक दिवस ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं अगदी सहज विचारलं, ‘मॅम, जेबून म्हणजे काय?’

त्यानंतर दोन महिने मानसी पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालत होती. एप्रिल-मे महिन्यात, नाशिकच्या उन्हात.

‘मी आधी विचार करायला हवा होता,’ हे तिचं पहिलं वाक्य. ‘बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं सुधारली, आणि त्यांचं अक्षर मी बिघडवलं.’

अशा वेळी मी आधी कातडीबद्दल बोलते. माणसाला वाटत असतं की आपल्या हातून काही चुकलं, आणि बऱ्याचदा तसं काही नसतं. सुई शाई सोडते ती वरच्या थराखाली. वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होत राहतो, शाई खालच्या थरात बसून असते. शरीराच्या राखणदार पेशी तिला परकी समजून गिळतात, पण पचवता येत नाही. ती पेशी मेली की शाई सुटते आणि शेजारची पेशी तिला गिळते. हे २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. म्हणजे शरीर तिला हुसकावायचा प्रयत्न सोडत नाही, म्हणूनच ती टिकते! मला ही गोष्ट फार आवडते. तरी वर्षं जातात तसे कण थोडे थोडे पांगतात, रेघ जाड होते, उन्हानं रंग उतरतो. त्यात देवनागरीची गंमत अशी, की आपल्या अक्षरांना पोटं आणि गाठी फार. आधी बुजतात त्या ह्याच. ‘व’चा ‘ब’ व्हायला कितीसं अंतर?

‘म्हणजे हे होणारच होतं?’

‘होणारच होतं.’

तिला बरं वाटेल अशी माझी अपेक्षा. वाटलं नाही. टॅटू परत कोरून घ्यायचा तिनं विचार केला होता, पण ‘मग ते टॅटूवाल्याचं अक्षर होईल, बाबांचं नाही.’ त्वचेच्या डॉक्टरांकडेही जाऊन आली होती. लेझरनं काढता येईल, सहा-आठ आठवड्यांच्या अंतरानं बऱ्याच सिटिंग लागतील, तरी कातडी पूर्वीसारखी कोरी होईलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेही तिला नको होतं. ‘बाबांना पुसून टाकायचं?’

तीन भेटी आम्ही इथेच अडकलो. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारांची. आमच्याकडे त्रासाच्या मुळाशी दडलेला हट्ट शोधायचा असतो, आणि मराठीत ते काम सोपं आहे, कारण आपल्या हट्टाला शेवटी ‘च’ लागलेला असतो. ‘अक्षर जसंच्या तसं राहायलाच हवं होतं’ या वाक्यातला ‘च’ मी तिला दाखवला. तिनं मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे, हे मला या व्यवसायात जरा उशिराच कळलं.

चौथ्या भेटीच्या शेवटी, ती पर्स उचलत असताना, मी विचारलं, ‘बाबांच्या हातचं घरी आणखी काही आहे का?’

‘खूप आहे. पण ते नंतरचं आहे.’

‘नंतरचं म्हणजे?’

‘आजारपणातलं.’ वडिलांना २०१२ पासून कंपवात होता. आधी अक्षर बारीक होत गेलं, मग थरथरायला लागलं. ते सगळे कागद तिनं एका फाइलमध्ये घालून कपाटात वर टाकले होते. वडील गेल्यापासून ती फाइल उघडलेली नव्हती.

‘पुढच्या वेळी आणाल?’

ती आणेल असं मला वाटलं नव्हतं. पण आली ती निळी, बटणाची प्लास्टिकची फाइल घेऊन. औषधांची यादी, दूधवाल्याचा हिशेब, एका पाठकोऱ्या कागदावर ‘दूध तापवून ठेवलंय’. आणि एक चेक, त्याला टाचणीनं लावलेली बँकेची चिठ्ठी.

‘हा काय?’

‘हा परत आलेला. सही जुळत नाही म्हणून. २०१४ मध्ये, दोनदा झालं तसं. दुसऱ्या वेळी बाबांना रिक्षात घालून मीच गेले भांडायला.’

‘काय म्हणालात?’

आणि पाच भेटींत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. ‘तो काउंटरवरचा मुलगा मला कॉम्प्युटरवर जुनी सही दाखवतोय! म्हणे, ही अशी होती, ही अशी नाहीये. मी म्हटलं, अहो, हात म्हातारा झाला की सही पण म्हातारी होणारच! सही काय बघत बसलाय, माणूस बघा ना. तुमच्यासमोर बसलाय.’

मी काहीच बोलले नाही. फक्त तिच्या मनगटाकडे बघितलं. चेक तिनं डाव्या हातानंच धरला होता. निळ्या शाईतली ती वाकडी सही आणि तिच्याखाली, चार बोटांच्या अंतरावर, ते बुजत चाललेलं ‘जेवून घे’. माझ्या नजरेपाठोपाठ तिची नजर तिथे आली. बराच वेळ खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

‘अगं बाई,’ ती म्हणाली. ‘मी बँकेसारखं करतेय.’

मग रडली. भरपूर रडली. आणि डोळे पुसता पुसता हसून म्हणाली, ‘याला पण कंपवात झालाय.’

असे क्षण बावीस वर्षांत मोजून दहा-बारा आले असतील. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझी चूक मला दिसत होती. मी भलत्याच ‘च’शी झटत होते. तिचा हट्ट शाईसाठी नव्हताच. वडील २००९ सालातलेच राहायला हवे होते, ताठ, सुवाच्य, थरथर सुरू व्हायच्या आधीचे. म्हणून तर तिनं ती चिठ्ठी निवडली आणि बाकीची फाइल कपाटात वर टाकली. आजारातले बाबा तिनं वर ठेवून दिले होते, ते मनगटावरून खाली उतरले. आता ही फाइल मागायचं मला नेमकं कसं सुचलं, सांगता येणार नाही. पण सुचलं, आणि त्याचं श्रेय मी घेते.

तेव्हापासून ‘कसं दिसेल?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, ‘कोण बघणार आहे?’ म्हातारपणीची कातडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. सैल दंड, सुरकुतलेली फुलपाखरं, त्यावरचे विनोद सगळ्यांनी ऐकलेले असतात. त्या कातडीतलं माणूसही तोवर बदललेलं असेल, हे मात्र कुणी धरत नाही. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांना त्यात विचारलं होतं. गेल्या दहा वर्षांत आपण बरंच बदललो, असं सगळ्याच वयाचे लोक सांगत होते. पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसं बदलणार नाही, असं त्यांना वाटत होतं. अगदी साठीतल्यांनासुद्धा. म्हणजे ‘पोरांना विचार नाही’ म्हणणाऱ्या आईबापांनीही फार ऐटीत राहू नये.

मुलांना मी एवढंच विचारते, ‘दहावीत असताना तुझ्या मोबाइलचा वॉलपेपर काय होता?’ बहुतेक जण आधी हसतात, मग गप्प होतात. मग म्हणते, आवडलेलं डिझाइन कपाटाच्या दारावर आतून चिकटव आणि एक वर्ष रोज बघ. वर्षानंतर ते आवडतं की नाही, याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. नावडतं झालं तर तू त्याच्याशी कसा वागतोस, ते बघायचं असतं. ‘तेव्हा मी असा होतो’ म्हणून हसू येत असेल, तर खुशाल काढ. चीड येत असेल तर थांब. प्रियकराचं किंवा प्रेयसीचं नाव असेल तर वर्षाची दोन कर.

माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके आणि हातावर तुळशीवृंदावन होतं. आठ वर्षांची असताना जत्रेत दोघींनी धरून बसवलं होतं, आजी शेवटपर्यंत त्या दोघींवर चिडून होती. मेल्यावर सोबत येतं ते गोंदणच, असं तिला सांगितलेलं. ‘एवढंच येणार असेल तर जरा बरं तरी काढायचं होतं,’ म्हणायची. पण ऐंशीव्या वर्षीही ते ठिपके ठिपकेच होते आणि वृंदावन ओळखू येत होतं. गोंदणारणीच्या सुयांना बारीक काम जमत नसेल म्हणून असो, नाहीतर पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानं असो, तिनं जागा मोकळी सोडली होती. आज मुलं चार सेंटिमीटरात अख्खा श्लोक मागतात. टॅटूवाला ‘मोठं करू’ म्हणाला तर ऐका, तो धंदा वाढवायला म्हणत नाही. बोटांवर काढलेलं लवकर उडतं. उघड्या हातावर काढलं तर उन्हाचं क्रीम रोजचं झालं. आणि पोलीस किंवा सैन्यात जायचं मनात असेल तर आधी भरतीचे नियम वाचा. एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या, त्यानं मानेवर ठसठशीत ‘आई’ कोरून घेतलेलं. सैन्यभरतीत कोपराच्या आतून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागे चालतं, मानेवर चालत नाही, हे त्याला नंतर कळलं. ‘माझं नाव काढलंय म्हणे!’ त्या बाई कपाळाला हात लावून सांगत होत्या, ‘याच्या भरतीत मीच आडवी आले!’

तिथे मी त्या मुलाशी कमी आणि बाईंशी जास्त बोलले. काढून झाल्यावर ‘विचार का नाही केलास’ हा प्रश्न घरात रोज विचारून शाई पुसट होत नाही. मुलगा तेवढा घराबाहेर राहायला लागतो. लेझरसाठी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना गाडीत दुसरं काहीतरी बोला, असं सांगितलं.

मानसीनं मनगटाला काही केलं नाही. जूनमध्ये अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून आली, त्यानंतर एकदाच भेटलो. ‘दूध तापवून ठेवलंय’ हा कागद तिनं लॅमिनेट करून फ्रिजवर लावला होता.

‘चिरंजीवांनी वाचला,’ ती म्हणाली. ‘मला विचारतो, आई, आजोबा शिक्षक होते ना? मग ‘दूव’ का लिहिलंय?’

‘मग?’

‘मग काय, लाल पेन घेऊन दुरुस्त करायला निघाला होता. कसाबसा धरला.’