वडिलांना दुधासारखी लघवी होते, आम्ही मालवणचे. पाठीच्या कण्याजवळच्या लसीकावाहिन्यांशी याचा संबंध असतो का?

हो, असू शकतो. आतड्यांतली चरबी नेणारी लसीका (शरीरातल्या बारीक वाहिन्यांतून वाहणारा द्रव) कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापुढे, महाधमनीच्या उजव्या अंगाला जमते. तिथून वक्षनलिका, म्हणजे लसीकेची मुख्य नळी, कण्याच्या पुढून वर चढते, छातीच्या पाचव्या मणक्याजवळ डावीकडे वळते आणि मानेच्या मुळाशी डाव्या शिरेत रिकामी होते. हत्तीरोगाच्या जंतांनी खालच्या वाहिन्या तुंबल्या, की मूत्रपिंडाजवळची एखादी फुटते आणि चरबी लघवीत उतरते. म्हणून तळलेल्या सुरमईच्या जेवणानंतर लघवी जास्त पांढरी दिसते. कधी गाठी होऊन लघवी अडतेसुद्धा, तेव्हा न थांबता डॉक्टरांकडे जा. मात्र पू किंवा फॉस्फेट या क्षारानेही ती गढूळ होते, त्यामुळे आधी लघवीतलं ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) तपासा. जंतांसाठी रक्त रात्री १० नंतर द्यायचं. ते निगेटिव्ह आलं तरी हत्तीरोग नाहीच, असं ठरत नाही.