चार दिवसांची वाढीव रजा

"मॅडम, ह्यांना वेड तर लागलं नाही ना? बांबोळीला न्यावं लागेल का?"

पेडण्याकडच्या एका बाईंनी दिवाळीनंतर फोनवर विचारलेला हा पहिलाच प्रश्न. बांबोळीला मेडिकल कॉलेज आहे आणि मानसोपचाराचं इस्पितळही आहे. पण 'बांबोळीला नेणं' म्हणताना आवाज खाली आला, की ते दुसरं इस्पितळच समजायचं, हे गोव्यात कोणाला सांगावं लागत नाही. फौजेतून परतलेल्यांच्या घरून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. शब्द तेवढे बदलतात. बोलत नाहीत, चिडतात, झोपत नाहीत, आम्ही काय करायचं? (दोघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.)

झालं होतं असं. नरकासुराच्या रात्री वाड्यावरच्या पोरांनी पहाटेपर्यंत गाणी लावली आणि नरकासुराचा पुतळा जाळताना सुतळी बाँबची माळ लावली. हे गृहस्थ मुलीसोबत अंगणात उभे होते. त्यांनी तिला खस्सकन ओढून विहिरीच्या कठड्यामागे पाडलं आणि स्वतः तिच्यावर पडले. तिचं कोपर फुटलं. नंतर ते न बोलता आत गेले, आणि सकाळी सगळ्यांनी फराळ केला.

बाई भेटायला आल्या त्या वही घेऊन. घरात कोकणी, पण शाळा मराठीतून झालेली, त्यामुळे मनातलं सगळं नीट मराठीत लिहून आणलेलं. रात्रपाळीच मागून घेतात. टीव्ही मोठ्याने लावतात. हाक मारली तर उत्तर देत नाहीत. झोपेतून हलवून उठवलं तर हात उगारतात. नणंदेकडे भाऊबीजेला जात नाहीत, भाच्याचं तोंड पाहत नाहीत, जमिनीवरून बिनसलंय असं गाव म्हणतं पण जमिनीचं काहीच नाही. आणि शेवटी, जरा लाजून लिहिल्यासारखं: काजूच्या बिया भाजल्या की घराबाहेर जातात.

मी फटाक्यांखाली दोन रेघा मारल्या. काजू मी सोडून दिला. कोणीही तेच केलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ते स्वतः आले तिसऱ्या आठवड्यात, बायकोच्या शब्दाखातर. मी विचारलं, "तिथे काय पाहिलंत?" हा प्रश्न मी आता कोणालाच विचारत नाही. ते म्हणाले, "काय पाहणार मॅडम? आम्ही आर्टीवाले, तोफखान्यातले. समोर डोंगर." पुढची वीस मिनिटं पंख्याचा आवाज.

पुढच्या वेळी मी लढाईचं नावच काढलं नाही, गन कशी चालते ते विचारलं. मग ते बोलले, नाशिक रोडच्या ट्रेनिंगपासून. १९९९ साली कारगिलच्या लढाईत ते बोफोर्स तोफेवर लेयर होते, म्हणजे गन निशाण्यावर लावणारा. १५५ मिलिमीटरचा गोळा, वजन चाळीस किलोच्या वर, दहा हजार फुटांच्या वर चालतानाच धाप लागते तिथे तो हातांनी उचलायचा. तोफ एरवी न दिसणाऱ्या निशाण्यावर मारा करते. द्रासला काही गन समोर दिसणाऱ्या शिखरांवर सरळ रोखल्या होत्या. शिखर आपल्याला दिसतं, म्हणजे शिखरावरच्यालाही आपण दिसतो. तोलोलिंगवरून श्रीनगर-लेह रस्ता तळहातासारखा दिसे. आपली गन बोलली की थोड्या वेळाने वरून उत्तर येई. १३ जूनला तोलोलिंग घेतलं, ४ जुलैला टायगर हिल, २६ जुलैला सगळं थांबलं. "दर २६ जुलैला शाळेत बोलावतात. पोरांना वाटतं टायगर हिल मीच चढलो. चढले ते पायदळवाले."

बोलताना ते डावा कान माझ्याकडे करत होते. त्यांना आधी पाठवलं ते कानाच्या डॉक्टरकडे. दोन्ही कानांना बारीक आवाज ऐकू येत नव्हता, उजव्यात कायमची शिटी. हाकेला उत्तर न देणं, मोठा टीव्ही, यातलं अर्धं तिथेच सुटलं. वहीतल्या प्रत्येक तक्रारीमागे मन असतंच असं नाही. झोपेसाठी आणि दचकण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान १९८० पासून मानसोपचाराच्या पुस्तकात आहे. त्याला वेड म्हणत नाहीत, आणि त्यावर उपचार आहेत.

पण भाचा राहिला होता. सहाव्या-सातव्या भेटीत मी सहज विचारलं, भाच्याचं वय काय?

"कारगिलएवढं," ते म्हणाले.

त्या मे महिन्यात ते रजेवर होते. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, वडील नव्हते, आई एकटी. दिवस भरले तरी कळा येईनात. त्यांनी तार करून चार दिवस रजा वाढवून मागितली. तेव्हा कोणालाच पुढचं ठाऊक नव्हतं, रजा मंजूर झाली. भाचा झाला. दुसऱ्या दिवशी ते थिवीहून गाडीत बसले. जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये गर्दी, झोजीला खिंडीत ताफ्यांची रांग. युनिटला पोचले तर त्यांच्या गनवर त्यांच्या जागी बसलेला जोडीदार दोन दिवसांपूर्वी वरच्या माऱ्यात गेला होता. निघताना त्यानेच सांगितलं होतं, मामा होऊन ये आणि काजू घेऊन ये. ट्रंकेत दोन किलो काजू होते.

ही गोष्ट त्यांनी बायकोला, बहिणीला, कोणालाच सांगितली नव्हती. सांगितली असती तर बहिणीला वाटलं असतं, माझ्या बाळंतपणापायी एक माणूस गेला. तिला ते वाटू नये म्हणून तिच्याकडे जायचंच बंद. भाच्याची मुंज मामाशिवाय झाली.

'तुमची काय चूक?' असं मी म्हटलं नाही. ते वाक्य अशा माणसाच्या कानापर्यंत पोचतच नाही. आम्ही कॅलेंडर काढलं आणि ते चार दिवस एकेक करून लिहिले: कोणत्या दिवशी कोणाला काय माहीत होतं. तार केली त्या दिवसाच्या चौकटीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'काही नाही'. बराच वेळ त्याकडे बघत बसले. हेच आम्ही पुढे चार महिने पुन्हा पुन्हा केलं. बहिणीला सांगायचं की नाही, हे मी त्यांच्यावर सोडलं.

घरच्यांना माझं सांगणं एवढंच. लढाईची गोष्ट मागू नका, 'किती मारले?' हे तर कधीच नाही. एका बैठकीत सगळं ओकायला लावल्याने मन मोकळं होतं हा जुना समज आहे. तपासून पाहिलं तेव्हा तसा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच वाढला. झोपेतून उठवायचं तर अंगाला हात न लावता पायांच्या बाजूला उभं राहून नावाने हाक मारा. दारू वाढली किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर मात्र थांबू नका. पेन्शनवाल्यांना ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन रात्रीही लागतो.

बहिणीला त्यांनी सांगितलं, पण मला न सांगता. ती काय म्हणाली ते मी विचारलं नाही. गेल्या मे महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला गेले, दाराजवळच्या खुर्चीवर अर्धा तास बसले आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून उठले. ड्युटी त्या दिवशी नव्हती, असं बाई म्हणाल्या.

नरकासुराच्या रात्री अजून रात्रपाळी मागून घेतात. काजू खात नाहीत. बाई आता बिया अंगणापलीकडे, वारा उलटा असेल तेव्हा भाजतात.