बाणाच्या दांड्यावरील आकडा काय सांगतो?

प्रश्न : मी उजव्या हाताने रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य चालवतो. माझ्या बाणांवर ६०० हा आकडा छापलेला आहे. मित्राचे बाण लांबीला आणि टोकाच्या वजनाला माझ्यासारखेच असले, तरी त्यांवर ८०० लिहिलेले आहे. माझ्या धनुष्यावरून सोडल्यास ते सतत उजवीकडे लागतात. हा आकडा वजनाचा आहे का? मोठी पिसे लावल्यास बाण सरळ जातील का?

उत्तर : हा आकडा वजनाचा नसून दांड्याच्या ताठपणाचा आहे, आणि त्याला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात. दांडा २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मध्यभागी १.९४ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅमचे वजन टांगले असता तो जितके इंच वाकतो, त्याला हजाराने गुणून हा आकडा मिळतो. तुमचा दांडा ०.६ इंच वाकतो, मित्राचा ०.८ इंच, म्हणजे मोठ्या आकड्याचा बाण अधिक लवचिक असतो.

टोक, दांडा, पिसे आणि दोरीत अडकणारा नॉक या चार भागांपैकी सर्वाधिक विचार दांड्याचाच करावा, असे माझे ठाम मत आहे. बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते; त्याच क्षणी ती नॉकला जोराने पुढे रेटत असते आणि जड टोक मात्र जागेवरून सहज हलत नाही. या दोहोंच्या मध्ये सापडलेला दांडा आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकतो, आणि हे वाकणे धनुष्याच्या जोराशी जुळलेले असेल तरच पिसे मुठीच्या भागाला न घासता पुढे निघून जातात. प्रमाणापेक्षा लवचिक बाण उजव्या हाताच्या तिरंदाजाकडून उजवीकडे जातो, तर फार ताठ बाण डावीकडे.

पिसांचे काम त्यानंतर सुरू होते. मागच्या बाजूला हवेचा रोध निर्माण करून, आणि थोडी तिरकी बसवलेली असल्यास बाणाला फिरवून, ती त्याला स्थिर करतात. न जुळणाऱ्या दांड्याचा दोष मात्र मोठ्या पिसांनी केवळ झाकला जातो, आणि रोध वाढल्याने लांबच्या अंतरावर बाण खाली पडू लागतो. तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचे पीस रिकर्व्हवर धनुष्यापासून दूर ठेवतात, तेही घासणे टाळण्यासाठीच. (खरी पिसे वापरायची असतील, तर एका बाणावरील सर्व पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची हवीत, कारण डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बाक उलट असतो.)

खात्री करण्यासाठी पिसे लावलेल्या काही बाणांसोबत त्याच प्रकारचे, बिनपिसांचे एक-दोन बाण सुमारे १८ मीटरवरून सोडून पाहा. बिनपिसांचे बाण इतरांच्या उजवीकडे लागले, तर दांडा तुमच्या धनुष्यासाठी मऊ आहे. अशा वेळी टोक हलके करता येते किंवा दांडा थोडा कापता येतो, कारण आखूड दांडा अधिक ताठ वागतो. मात्र कापण्यापूर्वी पूर्ण ताणलेल्या स्थितीत बाणाचे टोक कोठे येते ते प्रशिक्षकाकडून मोजून घ्यावे. बाण प्रमाणाबाहेर आखूड झाला, तर ताणताना तो धनुष्यावरील बाण टेकवण्याच्या आधारावरून मागे निसटून हाताला गंभीर इजा करू शकतो.