निकालांचा नकाशा बघून गाव ठरवू नका

तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "यांनी आपली फाईल चोरली की काय?"

नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात प्रश्न असा: यांना सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत नोकरी लागलीय, दोघांचे धर्म वेगळे आहेत, लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली करायचंय. राहायला गाव शोधताना हे २०२४च्या विधानसभेचे निकाल उघडून बसलेत. लहान गावं सगळी उजवीकडे झुकलेली, कर्मठ, मग नाशिक जिल्ह्यावर काट मारावी का, असं विचारतायत.

नका मारू. निकालावरून गाव ओळखायला गेलात तर आमचा जिल्हा तुम्हाला गरगरा फिरवेल. २०२४च्या लोकसभेला नाशिकमधून ठाकरेंची सेना आणि दिंडोरीतून शरद पवारांची राष्ट्रवादी. नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीला, उरलेली मालेगाव मध्यची एमआयएमला, तीही १६२ मतांनी. मग सहा महिन्यांत इथली माणसं पुरोगामीची सनातनी झाली का? दिंडोरीत कांदा बोलला होता. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली, ती मे महिन्यापर्यंत उठली नाही, आणि लोकांनी मतपेटीत हिशेब चुकता केला. त्या मतात तुमच्या लग्नाबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि नोव्हेंबरच्या मतातही नव्हतं.

इतिहास काढाल तर आणखी गोंधळ. काळारामाच्या दारात २ मार्च १९३०ला सत्याग्रह सुरू झाला तो इथे, बाबासाहेबांची येवल्याची १९३५ची धर्मांतराची घोषणाही याच जिल्ह्यातली. भगूर सावरकरांचं. सुरगाणा-कळवणला लाल बावटा, २०१८च्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये पायाला फोड आणून मुंबईला गेले त्यातले कितीतरी तिकडचे. नकाशात कुठला रंग भरणार?

माझं माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षबागायतदार. वडील शेतकरी संघटनेचे, छातीवर लाल बिल्ला. १९८६ला चांदवडला महिला अधिवेशन झालं तेव्हा आईला आणि गल्लीतल्या बायकांना स्वतः ट्रॅक्टरमधून घेऊन गेलेला माणूस. मी मराठी ख्रिश्चन मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर हाच माणूस जेवणाच्या ताटावरून उठला आणि पुढे कैक वर्षं माझ्याशी बोलला नाही. उलट आमच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून पहिली सही केली ती शेजारच्या काकांनी. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून, म्हणजे प्रेसमधून, निवृत्त, रोज पहाटे न चुकता शाखेत जाणारे. सही करून म्हणाले, "मला पटलेलं नाही, पण पोरगी रडत बसलेली बघवत नाही." यावरून कोण पुरोगामी ते तुम्हीच ठरवा, मी ठरवणं सोडून दिलंय.

आता मुद्द्याचं. आम्हाला गावाने त्रास दिला त्याच्या दसपट एका विवाह नोंदणी कार्यालयाने दिला. नाव घेत नाही, तिथले लोक बदललेही असतील. मी वकील नाही, हेही आधीच सांगते. पण कायद्याची ही कलमं मला आता झोपेत विचारली तरी येतात.

लग्नाची नोटीस दिली त्या दिवशी साहेबांनी पहिला प्रश्न केला, "आईवडील कुठेत? त्यांना घेऊन या." डोक्यावर शाहू-फुले-आंबेडकर तिघांच्या तसबिरी, हार घातलेल्या, आणि खाली हा प्रश्न. कायद्यात आईवडिलांच्या संमतीचा शब्दही नाही. मुलगा २१चा, मुलगी १८ची, कुणाचं आधीचं लग्न अजून टिकून नाही, संमती देण्याइतकं मन शाबूत आहे, निषिद्ध नातं नाही. बस, संपलं. आम्ही तेवढं बोललो तर "मग कोर्टात जा" असं उत्तर मिळालं.

नोटीस फलकावर लावावी लागते, तसा कायदाच आहे, त्याला इलाज नाही. तिथे भिंतीवर काचेचा, कुलपाचा फलक होता. इतरांच्या नोटिसा आत, एकीवर एक दाटीवाटीने टोचलेल्या, कुणाच्या बापाला वाचता आल्या नसत्या. आमची मात्र काचेच्या बाहेर, सेलोटेपने, बरोबर डोळ्याच्या उंचीला, चहाच्या टपरीकडे तोंड करून. दोघांचे फोटो, पूर्ण पत्ते. संध्याकाळपर्यंत त्या नोटिशीचा फोटो आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, खाली हात जोडल्याच्या चिन्हासकट. घरी मी स्वतः सांगणार होते, माझ्या पद्धतीने, आधी आईला. ती संधी त्या सेलोटेपने घालवली. वडिलांना ही बातमी बाजार समितीत कुणीतरी मोबाईल पुढे करून दाखवली. माझ्या मते त्यांचा अबोला लग्नापेक्षा या प्रकाराचा जास्त होता.

पुढचा खेळ याहून घाण. हरकतींसाठीचे तीस दिवस झाल्यावर गेलो तर "हरकत आलीय". कुणाची? "ते सांगता येत नाही." कशाची? "घरच्यांचा विरोध आहे." लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगला. आज या, उद्या या, असं करत नोटिशीला तीन महिने झाले आणि ती आपोआप रद्द. पुन्हा पहिल्यापासून नोटीस, पुन्हा फलक, पुन्हा तीच टपरी. तोवर माझी बंगळुरूची नोकरी हातची गेली, कारण लग्न उरकल्यावर रुजू होते म्हणून सांगितलं होतं. ती नोकरी मला अजून डाचते.

तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते. हरकत म्हणजे कुणीतरी येऊन कानात सांगितलेली गोष्ट नव्हे. ती विवाह नोटीस वहीत लिहून घ्यावी लागते, घेणाऱ्याला वाचून दाखवावी लागते आणि त्याची त्यावर सही लागते. कारण फक्त कलम ४मधलं चालतं, म्हणजे वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं वगैरे. घरच्यांचा विरोध हे कारणच नाही. चौकशी करून निर्णय द्यायला अधिकाऱ्याला तीस दिवस असतात. त्याने हरकत मान्य करून नकार दिला तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. उगाच हरकत घेणाऱ्याला खर्चापोटी हजार रुपयांपर्यंत भुर्दंड बसवायचाही अधिकार त्याच अधिकाऱ्याला आहे, पण तो वापरतो कोण! तर "हरकत आहे" ऐकलंत की जागेवरच अर्ज द्या: वहीतल्या नोंदीची नक्कल मिळावी. पोच घ्या, शिक्क्यासकट. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला एका वकीलताईंनी असा अर्ज लिहून दिला आणि ती हरकत हवेत विरली, कारण वहीत काही नव्हतंच.

घरून धोका वाटत असेल तर मात्र कलमं घोकत बसू नका. २०१८च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांचा विशेष कक्ष करायला सांगितलंय. नोटीस द्यायच्या आधी अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या. डिसेंबर २०२२मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती काढली होती, ती आणि हा कक्ष एक नव्हे. समितीच्या दारात आपणहून जाऊ नका असं माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो. आणि भावकी किंवा जात पंचायत वाळीत टाकायची भाषा करू लागली तर त्यासाठी राज्याचा वेगळा कायदा आहे, २०१७पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद. नुसतं नाव काढलं तरी आवाज खाली येतो.

जमिनीचं एक, कारण तुम्हीही शेतकऱ्याच्या घरचे दिसता. "स्पेशल मॅरेज केलंस की वाटा गेला" असं कुणीतरी काका सांगणारच. खोटं आहे. दोघांचे धर्म तुमच्यासारखे वेगळे असतील तर हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं कायदा मानतो, पण वाटा त्याचाच राहतो. आंतरजातीय विवाहाला सरकार अनुदान देतं ते पन्नास हजार तुमच्यासारख्यांना नाहीत, समाजकल्याणला चकरा मारू नका.

राहाल कुठे? सिन्नर गावातच हट्ट धरू नका. माझं साधं गणित: जिथे लोक पगारासाठी बाहेरून आले तिथे चौकशा कमी. नाशिकरोडला दोन प्रेसमुळे, देवळाली कॅम्पला लष्करामुळे, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यामुळे शेजारी कुठकुठले असतात. मनमाड रेल्वेचं गाव, मला फार आवडतं, पण तुम्हाला रोजचं लांब पडेल. नाशिकरोडहून सिन्नर रोजचं जमतं. पंचवटीत जुन्या वाड्याच्या बाजूला घर स्वस्त दिसलं तरी आधी विचारा की मासळी शिजवलेली चालेल का, नाहीतर अनामत रकमेवरून भांडत बसाल. एजंटला आडनावं पहिल्या फोनवरच सांगून टाका. जे नकार देणार ते तिथेच देतील आणि तुमचं पेट्रोल वाचेल. मोठ्या सोसायट्या जास्त मोकळ्या असतात हा पुण्यातला समज इथे आणू नका. आम्हाला सगळ्यात आधी नकार दिला तो गंगापूर रोडच्या पोहण्याचा तलाव असलेल्या इमारतीने, कमिटीत तिघे इंजिनीअर होते.

नोटिशीसाठी तुमच्यापैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, तेव्हा भाडेकरार आधी नोंदवून घ्या, सगळं त्यावर अडतं. साक्षीदार तीन लागतात, तुम्ही चार तयार ठेवा. आमचा एक ऐन वेळी लासलगावला कांद्याच्या लिलावात अडकला, भाव चढलेला, तो कशाला येतोय! शेवटी टपरीवाल्याची सही घेतली. आमच्याबद्दल त्याला सगळं आधीच पाठ होतं.