घरच्यांसोबत डी अँड डी: आठ वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि आजी एकाच डावात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत घरातच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी, म्हणजे पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) सुरू करायचंय. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारे आणि शत्रू खेळवणारे) तुम्ही, खेळणारे चौघं: नवरा, बारा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि आजी. काय विकत घ्यायचं आणि कुठले नियम गाळायचे?

खरेदी फार नाही. सात फाशांचा एक संच आणि वीस बाजूंचे चार फासे जास्तीचे, म्हणजे प्रत्येकापुढे स्वतःचा एक राहतो. ते स्टीलच्या ताटात रुमाल पसरून टाकायचे. ताटाबाहेर गेला की पुन्हा टाकायचा, नाहीतर निम्मा वेळ सोफ्याखाली जातो. जाडजूड पुस्तक आत्ता नको. २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 'सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१' या नावाने मोफत मिळतात. जानेवारी २०२३पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, त्यामुळे श्रेय देऊन आजींसाठी मराठी तक्ते बनवलेत आणि इतरांना वाटलेत तरी चालतं. २०२४ची सुधारित आवृत्ती वेगळी आहे; दोन्हींचे आकडे मिसळू नका. खालचे सगळे २०१४चे.

पात्रं तुम्हीच आधी तयार करून ठेवा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना पात्र बनवायला बसवलं तर संध्याकाळ त्यातच संपते. खेळाडूंनी फक्त नाव, रूप आणि एक खोड ठरवायची. प्रत्येकाच्या कागदावर पाचच गोष्टी मोठ्या अक्षरात: एसी (त्याला फटका लागायला किती गाठावे लागतात), एचपी (जीवाचे गुण), हल्ला, ज्यात हातखंडा आहे अशी दोन कामं आणि एक खास युक्ती. बाकीचा हिशोब तुमच्या वहीत.

आजींना फायटर द्या. तलवार, हल्ल्याला +५ (वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात मिळवायचे), लागला तर १डी८+३ (आठ बाजूंचा एक फासा, वर ३) इजा, आणि एकदा दम खाऊन १डी१०+१ एचपी परत. बस, एवढंच लक्षात ठेवायचं. त्यांना एखादी बारकीशी, बाजूला बसून बघायची भूमिका मात्र देऊ नका. मुलीला बहुधा जादूच हवी असेल. अशा वेळी जादूगारांच्या दोन प्रकारांपैकी विझार्डऐवजी वॉरलॉक बघा. विझार्डला मंत्रांची पोथी आणि रोजची निवड सांभाळावी लागते. पहिल्या लेव्हलच्या वॉरलॉककडे दोन कँट्रिप (कधीच न संपणारे छोटे मंत्र), दोनच मंत्र आणि एकच स्लॉट (मंत्र म्हणायची संधी) असतो, तोही छोट्या विश्रांतीनंतर परत मिळतो. 'एल्ड्रिच ब्लास्ट' हवा तितक्या वेळा मारता येतो, १डी१०चा. मोफत नियमांत वॉरलॉकला जादू देणारा आश्रयदाता सैतान आहे. त्याच्या जागी परीराणी म्हणा, एकही आकडा हलत नाही. गॉब्लिनलाही खुशाल खवीस म्हणा.

आता खरी मेख: घरातले डाव बहुतेक वेळा नियम न कळल्यामुळे नाही, तर फासा नको तिथे टाकल्यामुळे फसतात. समजा चौघांना चोरदरवाज्यातून लपून किल्ल्यात शिरायचंय आणि प्रत्येकाची शक्यता ६० टक्के आहे. तुम्ही 'सगळ्यांनी टाका, एक जरी चुकला तरी पकडले' असं म्हणालात, तर चौघंही निसटण्याची शक्यता फक्त १३ टक्के उरते. मुलगी चुकते, भाऊ तिच्यावर डाफरतो, आणि तिथेच रुसवा. गट-तपासणीचा नियम याचसाठी आहे: निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले की सगळा गट यशस्वी. तेच फासे, तेच पात्र, पण शक्यता ८२ टक्के. तसंच एकाने दुसऱ्याला मदत केली तर दोन फासे टाकून मोठा धरायचा. +२ असताना १५ गाठायचे तर शक्यता ४० टक्के, मदतीने ६४. आजी नातीला मदत करतात तेव्हा हा नियम आपोआप अंगवळणी पडतो.

आणि ज्याच्याशिवाय गोष्ट पुढेच सरकत नाही असा सुगावा फाशावर टांगू नका. कुलूप उघडणारच, फासा चुकला तर आवाज होतो आणि वरच्या बुरुजावर मशाल हलते. चुकलं तर काय होईल हे तुम्हाला सुचत नसेल, तर फासा टाकायला सांगूच नका.

लढाईचा हिशोब मात्र काटेकोर ठेवा. एका गॉब्लिनचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण). पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर दोन गॉब्लिन म्हणजे सोपी लढाई. तीन आले की त्यांची १५०ची बेरीज दुपटीने धरायची, म्हणजे ३०० होतात, तीच कठीण लढाईची पायरी. चार आले की ४००, आणि ती जीवघेणीची. नवखा डीएम 'चौघांना चार' असा सरळ हिशोब करतो आणि गोत्यात येतो. गॉब्लिनचा हल्ला +४, इजा १डी६+२, सरासरी साडेपाच. आठ-नऊ एचपीची वॉरलॉक दोन फटक्यांत आडवी होते, आणि गॉब्लिनच्या फाशावर वीस पडला तर बऱ्याचदा एकाच फटक्यात. म्हणून पहिल्या डावात दोनच आणा, तिसरा दाराआड राखून ठेवा. लढाई फारच फिकी झाली तर तो धावत येतो. शून्यावर आलेल्या पात्रासाठी मृत्यूचे फासे आठ वर्षांच्या मुलीसमोर नकोत. बेशुद्ध पडायचं, लढाई संपली की १ एचपीने उठायचं.

इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम फाशाने ठरवणं, गाळा. बसलेत त्या क्रमाने पाळी फिरवा, तुमच्यापाशी आली की शत्रू खेळतील. नकाशाला चौकटीच्या वहीचा कागद पुरे: एक चौकोन पाच फूट, तीस फूट चाल म्हणजे सहा चौकोन. सोंगट्यांऐवजी बटणं.

मुलाबद्दल सांगायचं तर, बारा वर्षांची पोरं व्हिडिओ बघून नियम पाठ करून येतात आणि बहिणीची पाळीही स्वतःच खेळतात. 'ज्याची पाळी त्याचंच तोंड' हे सुरुवातीलाच जाहीर करा. वर त्याला एक अधिकृत काम द्या: शत्रूंचे एचपी लिहिणं, अडलं की नियम शोधून देणं. शोधायला एक मिनिट. नाही सापडला तर तुमचा निर्णय, आणि वाद डाव संपल्यावर. एकमेकांचं चोरणं किंवा एकमेकांवर हल्ला, यांना फासाच नाही. भावंडांत ते खेळात राहत नाही, जेवणाच्या ताटापर्यंत पोचतं.

तुम्ही आई आहात आणि डीएमही. हे दोन आवाज वेगळे ठेवा. मुलाच्या पात्राने दुकानातून दोरखंड ढापला तर उपदेश नको. दुकानदार ओरडेल, पुढच्या वेळी किंमत दुप्पट सांगेल. ते त्याला बरोबर कळतं.

पहिला डाव एक ते सव्वा तासाचा, त्यात तीनच थांबे: ज्याच्याशी बोलावं लागेल असा माणूस, एक अडथळा, एक लढाई. एक्सपीची बेरीज ठेवायची गरज नाही, दोन डावांनंतर सगळ्यांना दुसरी लेव्हल द्या. उठायच्या आधी कोण कुठे उभं आहे आणि हातात काय आहे ते मुलीकडून वहीत लिहून घ्या. तिसऱ्या डावातही तिला बेरजा जड जात असतील, तर 'हिरो किड्स' हा चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा खेळ बघा. त्याला साधे सहा बाजूंचे फासे लागतात, आणि ते घरात सापशिडीच्या डब्यात असतातच.