ताई, आधी एकच तास घ्या

ताई, शिक्षिकेच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी वर्गात मोबाइल, व्हिडिओ, एआय कसं वापरायचं हे शिकायची एवढी ओढ पाहून फार बरं वाटलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांकडून वर्षाला ५० तास प्रशिक्षणाची अपेक्षा आहे, पण म्हणून दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवरची प्रमाणपत्रं भराभर गोळा करू नका. एक कोर्स करा, त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात वर्गात वापरा, मगच पुढचा.

आधी प्रश्न ठरवा, साधन नंतर. इथे ठाण्यात मी सातवीला विचारलं, "भारतातली पहिली रेल्वे कुठली?" सगळे ओरडले, "बोरीबंदर ते ठाणे, १८५३!" मग गटागटाने मोबाइलवर शोधायला लावलं. मद्रासजवळ १८३७ मध्येच मालवाहतुकीची रेल्वे होती, हे एका मुलीला सापडलं. वर्ग गप्प. तिनेच फळ्यावर जाऊन 'पहिली'च्या पुढे 'प्रवासी' हा शब्द घातला.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- तयार पीपीटी नुसती पुढे सरकवत राहणं.
- प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं. मनात दहा मोजा, खरंच मोजा.

नेट जाणार हे धरूनच चला. व्हिडिओ आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. एआयचं सध्या राहू द्या. पहिला तास झाला की कळवा, त्यावर सविस्तर बोलू.