महाबळेश्वरला धो धो पाऊस, मग त्याच जिल्ह्यातला माण तालुका कोरडा का?

तुम्ही विचारलंय की दोन्ही ठिकाणं सातारा जिल्ह्यातलीच, ढग तर माणवरूनही जातात, मग ते बरसत का नाहीत?

माझं आजोळ माणमधल्या म्हसवडजवळचं, त्यामुळे हा प्रश्न मलाही लहानपणापासून छळतोय. आषाढात पश्चिमेकडून काळे ढग पळत यायचे, वारा इतका की पत्र्यावर दगड ठेवावे लागत, आणि थेंब पडायचे चार. धूळसुद्धा बसायची नाही. आजी म्हणायची, "वारं सुटलंय, आता कुठला पाऊस!"

'सह्याद्री ढग अडवतो' असं आपण शाळेत शिकलो, पण ते अर्धंच खरं. अरबी समुद्रावरचा दमट वारा पोलादपूरच्या बाजूने सह्याद्रीच्या कड्यांना भिडतो आणि थोडक्या अंतरात हजारभर मीटर वर चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते, गार होते आणि वाफेचं पाणी होतं. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० मिमी पाऊस. पुढे वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, वाईत हजाराच्याही आत येतो. आणि सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या म्हसवडला ५०० मिमीच्या आतबाहेर.

बरंचसं पाणी घाटमाथ्यावर सांडलं हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाईच्या खोऱ्याकडे वारा सहाशे-साडेसहाशे मीटर खाली उतरतो. उतरताना हवा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा तर किलोमीटरमागे जवळपास १० अंशांनी. तापलेल्या हवेत ढगातले थेंब पुन्हा वाफ होऊन विरतात. उरलेले ढग दिसायला काळे असले तरी पातळ असतात, वाऱ्याबरोबर पुढे निघून जातात. म्हणजे आजी बरोबरच सांगत होती.

नुसती उंची असून भागत नाही, हेही लक्षात घ्या. माणमधलं शिखर शिंगणापूर हजार मीटरच्या वर आहे, पण तिथे पोचेपर्यंत वारा सह्याद्री ओलांडून आलेला असतो.

माणला खरा आधार परतीच्या पावसाचा. तेव्हा ओल बंगालच्या उपसागराकडून, पूर्वेकडून येते, वाटेत सह्याद्री लागत नाही. दुपारी तापलं की ढग जागेवरच उभे चढतात आणि संध्याकाळी कोसळतात. म्हणून आजोळी मृगापेक्षा उत्तरा आणि हस्ताकडे डोळे लागलेले असतात. हस्त चांगला लागला की शाळू पेरायचा.